घडलेल्या गोष्टीचा मनोगतार्थ

व्याकरण हें शाळेंतील मुलांना छळण्यासाठीं कोणीं तरी शोधून काढलेलें शास्त्र आहे, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतही दृढ झालेला आढळतो. परीक्षा संपली कीं धातुरूपावली माळ्यावर जाते, आणि मग आयुष्यभर तिची आठवण कोणास होत नाहीं. पण बोलणारा मनुष्य दिवसांतून शेंकडों वेळां क्रियापदाचें रूप निवडीत असतो. त्या निवडीबरोबर आपण काय पाहिलें, काय तर्कानें ठरविलें आणि काय नुसतें मनांत आणलें, हेंही तो नकळत सांगून टाकीत असतो. ‘पाऊस पडला’, ‘पाऊस पडला असावा’, ‘पाऊस पडला असता’ या तीन वाक्यांत पाऊस एकच. बोलणाऱ्याचें मन मात्र तीन ठिकाणीं उभें आहे. क्रियापदाच्या या मनाविषयीं आज चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि निमित्त आहे तें एका परक्या भाषेचें. फ्रेंच भाषेंत ज्याला ‘स्युब्झोंक्तीफ पासे’ म्हणतात, त्या रूपाची ओळख वाचकांस करून द्यावी असा आमचा विचार आहे.

कोल्हापुरांत बसून फ्रेंच क्रियापदें कोण चालवितो, असें कोणी विचारील. परंतु दिवेलागणीस ज्या वेळीं पूर्वीं घरोघरीं परवचा होत असे, त्या वेळीं आतां आमच्या पेठेंतल्या कांहीं घरांतून तरुण मंडळी संगणकासमोर बसून फ्रेंच घोकीत असतात. कारण उघड आहे. कॅनडांतील क्वेबेक प्रांताची राजभाषा फ्रेंच आहे. आणि त्या प्रांताबाहेर स्थायिक होऊं इच्छिणाऱ्या कुशल लोकांची निवड करतांनाही कॅनडाच्या सरकारनें २०२३ सालापासून फ्रेंच जाणणारांचा एक वेगळा वर्ग केला. त्यामुळें जी भाषा पूर्वीं बहुधा हौसेनें शिकली जात असे, ती आतां प्रपंचाच्या निकडीनें शिकली जाते. आमच्या धाकट्या सूनबाई गेलें वर्षभर हाच अभ्यास करीत आहेत. युरोपीय पद्धतीच्या सहा पायऱ्यांपैकीं चौथ्या पायरीवर, म्हणजे ‘बी-२’ वर, हें रूप साधारणतः अभ्यासांत येतें, आणि तेथें पुष्कळांची गाडी अडते. संस्कृताचे लकार आयुष्यभर शिकविलेल्या माणसाकडे सूनबाईंनीं ही अडचण आणली, तेव्हां आम्हांस जो आनंद झाला तो सेवानिवृत्त शिक्षकांसच कळेल.

मराठीचा आणि फ्रेंचचा संबंध अगदींच नवा आहे असें नाहीं. गोविंद बल्लाळ देवलांचें संगीत ‘संशयकल्लोळ’ १९१६ सालीं रंगभूमीवर आलें. त्याचें मूळ मोलिएर या फ्रेंच नाटककाराच्या १६६० सालच्या प्रहसनांत आहे, आणि तें इंग्रजीच्या मार्गानें देवलांपर्यंत पोंचलें. गायकवाडांच्या बडोद्यांत अरविंद घोष हे तेथील महाविद्यालयांत कांहीं काळ फ्रेंच शिकवीत होते. उलट दिशेनें पाहिलें तर झूल ब्लॉक नांवाच्या फ्रेंच पंडितानें मराठी भाषेच्या घडणीचा सशास्त्र इतिहास लिहिला. तो १९२० सालीं पॅरिस येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ सालीं ‘मराठी भाषेचा विकास’ या नांवानें तो मराठींत आणला. एका फ्रेंच माणसानें आपल्या भाषेच्या रूपांचीं मुळें संस्कृत-प्राकृतांत शोधून काढण्याचे श्रम घेतले. तेव्हां आपणही त्यांच्या एका क्रियापदाकडे नीट पाहावें, ही साधी परतफेड होय.

प्रथम क्रियापदाचा ‘अर्थ’ म्हणजे काय तें आठवूं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि मोरो केशव दामले यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा मोठा ग्रंथ १९११ सालीं. या परंपरेंतून शाळेंत आलेल्या व्याकरणांत क्रियापदाचे चार अर्थ सांगतात. ‘ती गेली’ हा स्वार्थ. त्यांत नुसती हकीकत असते. ‘तूं जा’ हा आज्ञार्थ. ‘तिनें जावें’ हा विध्यर्थ. त्यांत कर्तव्य, इच्छा, शक्यता, तर्क असे अनेक भाव येतात. ‘ती गेली असती, तर काम झालें असतें’ हा संकेतार्थ. काळ सांगतो कीं गोष्ट केव्हां घडली; अर्थ सांगतो कीं बोलणारा त्या गोष्टीकडे कोणत्या भूमिकेवरून पाहत आहे. हे दोन प्रश्न निराळे आहेत, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढची वाट सोपी होते.

फ्रेंचांच्या शालेय व्याकरणांतही स्वार्थ आहे, आज्ञार्थ आहे, संकेतार्थासारखा एक अर्थ आहे, आणि शिवाय हा ‘स्युब्झोंक्तीफ’ आहे. याला मराठींत काय म्हणावें? कांहीं शिकविणारे ‘संशयार्थ’ म्हणून मोकळे होतात. फाल्गुनरावाच्या मूळ पुरुषाची भाषा म्हणून हें नांव शोभेलही; पण तें अपुरें आहे, आणि त्याच्यामुळेंच विद्यार्थी फसतात. तें कसें, हें आपल्या गांवच्या उदाहरणानें पाहूं.

पंचगंगेच्या पुराचा अनुभव करवीरकरांस नवा नाहीं. राजाराम बंधाऱ्यापाशीं पाणी ३९ फुटांवर गेलें कीं इशारा आणि ४३ फुटांवर गेलें कीं धोका, हे आंकडे येथील शाळकरी मुलांसही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ या सालीं तर ही पातळी ओलांडून पाणी वस्तींत शिरलें. अशा वेळीं ‘पाणी गल्लींत आलें’ असें म्हणणारा मनुष्य तें पाहून आलेला असतो. ‘आलें असावें’ म्हणणारा माडीवर बसून तर्क करीत असतो. दोघांचें बोलणें एकच मानून जो सामान उचलूं लागेल किंवा स्वस्थ बसेल, त्याची फसगत ठरलेली. येथवर संशयाचा मामला ठीक आहे. पण समजा, घरांत गुडघाभर पाणी आहे, आणि त्यांत उभा राहून घरधनी म्हणतो, ‘पाणी आंत शिरलें याचें वाईट वाटतें.’ यांत संशय कोठें राहिला? पाय ओले झाले आहेत! तरीही हेंच वाक्य फ्रेंच माणसास सांगावयाचें झालें, तर तो ‘शिरलें’ हें क्रियापद स्वार्थांत न ठेवतां ‘स्युब्झोंक्तीफ’मध्येंच ठेवील.

असें कां? कारण त्या वाक्याचा हेतु पाण्याची बातमी देणें हा नाहीं. पाणी तर बोलणारा आणि ऐकणारा दोघांसही दिसत आहे. सांगावयाचें आहे तें मन: वाईट वाटणें. म्हणून फ्रेंच भाषा घडलेल्या गोष्टीस बातमीच्या आसनावरून उठविते आणि मनोविकाराच्या हाताखालीं बसविते. संशय असो, इच्छा असो, भय असो, आनंद असो वा खेद असो. जेथें मुख्य वाक्य मनाचें आणि घडलेली गोष्ट त्याच्या आधीन, तेथें हा अर्थ. म्हणून या लेखापुरतें आम्ही त्यास ‘मनोगतार्थ’ म्हणतों, आणि ‘स्युब्झोंक्तीफ पासे’ म्हणजे पूर्ण झालेल्या क्रियेचा मनोगतार्थ.

आतां रूपें चालवूं. कृति तीन पायऱ्यांची आहे. पहिली पायरी, साहाय्यक क्रियापद निवडणें. फ्रेंचांत तीं दोन आहेत: ‘आव्ह्वार’ म्हणजे जवळ असणें, आणि ‘एत्र’ म्हणजे असणें. बहुतेक धातूंस पहिलें लागतें. जाणें, येणें, निघणें, पोंचणें, पडणें, राहणें, जन्मणें, मरणें अशा पंधराएक अकर्मक धातूंस, आणि कर्त्यावरच उलटणाऱ्या धातूंस, दुसरें लागतें. दुसरी पायरी, त्या साहाय्यकाचा वर्तमान मनोगतार्थ चालविणें. तिसरी पायरी, मुख्य धातूचें भूतकालवाचक कृदंत त्याच्यापुढें ठेवणें. ‘फिनीर’ म्हणजे संपविणें, त्याचें कृदंत ‘फिनी’. ‘पार्तीर’ म्हणजे निघणें, त्याचें कृदंत ‘पार्ती’. आरंभींचा ‘क’ हा आपला ‘कीं’ समजावा.

संपविणें:
क झे फिनी: कीं मीं संपविलें
क त्यु ए फिनी: कीं तूं संपविलेंस
कील ए फिनी: कीं त्यानें संपविलें
क नूझेयों फिनी: कीं आम्हीं संपविलें
क वूझेये फिनी: कीं तुम्हीं संपविलें
कीलझे फिनी: कीं त्यांनीं संपविलें

निघणें:
क झ स्वा पार्ती: कीं मी निघालों
क त्यु स्वा पार्ती: कीं तूं निघालास
कील स्वा पार्ती: कीं तो निघाला
क नू स्वायों पार्ती: कीं आम्ही निघालों
क वू स्वाये पार्ती: कीं तुम्ही निघालांत
कील स्वा पार्ती: कीं ते निघाले

पहिल्या ओळींतला ‘झ’ हा ‘झेंड्या’तल्या झ-च्या जवळचा, ‘नूझेयों’, ‘वूझेये’ आणि ‘कीलझे’ यांतला मात्र ‘झाडा’तल्या झ-च्या जवळचा. हा दुसरा झ एरवीं ऐकूंच येत नाहीं. पुढें स्वर आला कीं प्रकट होतो. संधि हा केवळ आपल्या पूर्वजांचा छंद होता असें मानणाऱ्यांनीं याची नोंद घ्यावी. तसेंच ‘स्वा’ हा उच्चार चार ठिकाणीं एकच असला तरी लेखनांत तीं रूपें सारखीं नाहींत. ‘ए’ची गोष्टही तशीच. कान पास होतो आणि लेखणी नापास होते, तें येथेंच.

हीं रूपें पाठ करतांना सूनबाईंस आम्हीं एकच गोष्ट सुचविली. ‘तो निघाला असावा’ हें आपलें वाक्य फोडून पाहा. ‘निघाला’ हें भूतकालवाचक रूप. ‘असावा’ हा ‘असणें’ या धातूचा विध्यर्थ. फ्रेंच ‘स्वा पार्ती’ फोडा: ‘स्वा’ हा ‘असणें’ याचा मनोगतार्थ; ‘पार्ती’ म्हणजे निघालेला. ‘असावा निघाला’ असा क्रम उलटला, एवढाच भेद. घडण तीच आहे. ‘संपविणें’ या धातूच्या बाबतींत फ्रेंच मनुष्य ‘संपविलेलें माझ्याजवळ असावें’ असें म्हणतो, आणि आपण कर्त्यास तृतीया लावून ‘मीं संपविलेलें असावें’ असें म्हणतों. एकानें कर्त्यास मालक केलें, दुसऱ्यानें साधन केलें. क्रिया दोघांचीही पुरी झाली.

लिंगवचनाची गोष्टही अशीच ओळखीची निघते. ‘ती निघाली, ते निघाले’ हा आपला कर्तरि प्रयोग; ‘एत्र’ घेणाऱ्या फ्रेंच धातूंचें कृदंतही कर्त्याच्या मागोमाग जातें. स्त्री निघाली असेल तर ‘पार्ती’च्या शेवटीं एक अक्षर वाढतें, तें बोलण्यांत ऐकूं येत नाहीं, पण लिहिलें नाहीं तर गुण जातात. ‘तिनें ग्रंथ लिहिला, चिठ्ठी लिहिली’ हा आपला कर्मणि प्रयोग; ‘आव्ह्वार’ घेणाऱ्या फ्रेंच कृदंताचाही कर्माशीं मेळ बसतो, मात्र कर्म क्रियापदाच्या आधीं आलें असेल तरच. मराठी मूल पांचव्या वर्षीं जें न शिकतां बोलतें, तें फ्रेंच मुलांना शाळेंत पट्टीच्या धाकानें शिकावें लागत असे, हें ऐकून आपल्या बोलीविषयीं थोडा आदर वाढावयास हरकत नाहीं.

आतां हें रूप वापरावयाचें कोठें? चार ठिकाणें सांगतों. पहिलें, अविश्वास: ‘तो निघाला असेल असें मला वाटत नाहीं.’ येथें आपणही ‘निघाला’ असें ठाम न म्हणतां ‘निघाला असेल’ म्हणतों, तेव्हां अडचण नाहीं. दुसरें, ‘जरी’चें वाक्य, फ्रेंच ‘बियें क’: ‘पाऊस पडला असला, तरी विहीर भरली नाहीं.’ पाऊस खरोखर पडला आहे, तरी मराठींतही ‘असला’ आलाच. कारण आपण पावसाची बातमी देत नसून ती बाजूस सारीत असतों. तिसरें, पुढच्या वेळेपूर्वीं काम पुरें होण्याची इच्छा: ‘बारापूर्वीं तूं हें संपविलेलें असावेंस अशी माझी इच्छा आहे.’ येथें क्रिया अजून व्हावयाची आहे, तरी फ्रेंच हेंच रूप घालतात. म्हणून नांवांत ‘भूत’ असलें तरी या रूपाचें खरें मर्म भूतकाळांत नाहीं, क्रियेच्या पूर्णतेंत आहे. चौथें ठिकाण मनोविकाराचें, आणि तेथेंच मराठीची वाट निराळी होते. त्याकडे लवकरच येऊं. एक गंमत मात्र येथेंच सांगून ठेवतों. ‘होण्यापूर्वीं’ या अर्थाच्या अव्ययापुढें फ्रेंचांत मनोगतार्थ येतो, आणि ‘झाल्यानंतर’ या अर्थाच्या अव्ययापुढें नियमानें स्वार्थ. कारण जें होऊन गेलें तें निश्चित. असें असूनही पुष्कळ फ्रेंच लोक बोलतांना दोन्हीकडे मनोगतार्थच घालतात, आणि वैयाकरण त्यांच्यावर डोळे वटारतात. नियम मोडणें ही कांहीं एकट्या मराठी माणसाची कला नाहीं.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस आणखी एक साम्य दिसेल. पाणिनीच्या दहा लकारांपैकीं लेट् हा केवळ वेदांत भेटतो. ‘भवाति’ यासारखीं त्याचीं रूपें लौकिक संस्कृतांत उरलीं नाहींत; त्याचें काम लिङ् आणि लोट् यांनीं वांटून घेतलें. फ्रेंच मनोगतार्थाचेही ग्रंथांत चार काळ आहेत. त्यांतले दोन आतां जुन्या वाङ्मयापुरते उरले आहेत आणि बोलण्यांत वर्तमान व हा ‘पासे’ असे दोनच टिकले. तेव्हां जें रूप आपण शिकत आहों, तें मेलेल्या भावंडांचा संसारही ओढीत आहे. आणखी एक सावधगिरी: ‘ती गेली असती’ या आपल्या संकेतार्थाशीं, किंवा संस्कृताच्या ‘अगमिष्यत्’ या लृङ्-रूपाशीं, याची गल्लत करूं नये. तेथें गोष्ट घडलीच नाहीं, असें सांगणें असतें. येथें ती घडलेली असूं शकते.

आतां त्या चौथ्या ठिकाणाकडे येऊं. आनंद, खेद, आश्चर्य यांच्या वाक्यांत मराठी ‘असावा’ घालीत नाहीं. ‘तूं निघालीस याचें वाईट वाटतें’. येथें ‘निघालीस’ हा सरळ स्वार्थ. येथें मराठी विद्यार्थी हटकून चुकतो, कारण कान सांगतो कीं गोष्ट घडली आहे, मग रूप बदलावें कां? आमच्या घरीं हा प्रश्न विचारला तो सूनबाईंनीं नव्हे, आमच्या थोरल्या भगिनी अक्का यांनीं. त्या देवापुढें वाती वळीत बसल्या होत्या. सूनबाईंच्या वहींत दोन वाक्यें जोडून एक करावयाचें होतें. त्यांनीं तें मोठ्यानें वाचलें: ‘नू रग्रेतों क त्यु स्वा पार्ती.’

“म्हणजे काय गं?” अक्कांनीं विचारलें.

“‘तूं निघालीस याचं आम्हांला वाईट वाटतं,’ असं आहे, अक्का. पण फ्रेंच लोक ‘निघालीस’ असं सरळ म्हणत नाहीत. ‘निघालेली असावीस’ असं कांहीसं म्हणतात.”

“डोळ्यांदेखत गेलेलं माणूस गेलंच की. त्यात ‘असावी’ कशाला घुसडायची?”

आम्हीं पुराच्या पाण्याचें उदाहरण देऊन समजाविलें कीं, जाणें खोटें म्हणून हें रूप येत नाहीं. वाक्य जाण्याची बातमी देण्यासाठीं नसून वाईट वाटणें सांगण्यासाठीं आहे, म्हणून येतें. अक्का थोडा वेळ वाती वळीत राहिल्या. मग म्हणाल्या, “सकाळी मी हिला म्हटलं, ‘परदेशी जाऊन तुम्ही घर मोडलंत.’ ते तुझ्या फ्रेंचात कसं बसेल?”

“बसेल, अक्का, पण तें बातमीच्या रूपांत बसेल. साक्षीदारानें न्यायालयांत सांगावें तसें.”

सूनबाई खालीं पाहून म्हणाल्या, “घर मोडलं म्हटलंत, तर मी नाही म्हणण्यापलीकडे काय करणार? ‘तुम्ही जाणार, मला वाईट वाटतं,’ असं म्हणालात, तर मी तुमच्याजवळ येऊन बसेन.”

अक्कांनीं उत्तर दिलें नाहीं. पण त्या दिवसापासून ‘घर मोडलंत’ हें वाक्य आमच्या घरांत पुन्हां ऐकूं आलें नाहीं.

या संवादांत व्याकरणाचा एक बारकावा आहे, तो कुटुंबवत्सल वाचकांनीं अवश्य पाहावा. मराठींत मनोविकाराच्या वाक्यांत क्रियापद बदलत नाहीं हें खरें. पण ‘याचें’, ‘याचा’ हें लहानसें सर्वनाम तेथें उभें असतें. ‘तूं निघालीस’ ही गोष्ट तें सर्वनाम आपल्या पोटांत घेतें, आणि मग मुख्य क्रियापद मन बोलतें: वाईट वाटतें, आनंद होतो, नवल वाटतें. फ्रेंचांनीं जें काम क्रियापदाच्या रूपावर सोंपविलें, तें आपण सर्वनामावर सोंपविलें आहे. साधन आपल्याजवळही आहे. तें आपण वापरीत नाहीं, हा प्रश्न वेगळा. एकत्र कुटुंबांत वडील माणसें ‘मला वाईट वाटतें’ हें म्हणण्यास संकोचतात, आणि त्याऐवजीं निकाल सांगतात: ‘हें वाईट झालें’, ‘तुम्ही आम्हांस टाकलें’, ‘आतां या घरांत काय राहिलें?’ दुःख मनांतलें असतें, पण तें जगाच्या हकीकतीचा वेष घेऊन बाहेर पडतें. हकीकत म्हटली कीं ती खरी का खोटी, हा वाद आलाच. आणि वाद आला कीं ज्याच्यासाठीं जीव तुटतो, तोच प्रतिवादी होऊन बसतो. फ्रेंच भाषेंत तर ‘वाईट झालें कीं तूं निघालीस’ असें म्हटलें, तरी ‘निघालीस’ हें मनोगतार्थांतच जातें. ‘वाईट’ हा शिक्का जगानें मारलेला नाहीं, बोलणाऱ्यानें मारला आहे, ही कबुली त्या भाषेनें क्रियापदाकडून सक्तीनें घेतली आहे.

याचा अर्थ फ्रेंच लोक आपल्यापेक्षां अधिक मोकळ्या मनाचे असतात, असा कोणी करूं नये. रूप पाठ असणें आणि भाव मनांत असणें या दोन गोष्टी आहेत. तें तर संध्येच्या बाबतींतही आपण पाहतों. पण ज्या घरांतलीं मुलें आज पुण्या-मुंबईस, उद्यां मॉन्ट्रिऑलला जाणार आहेत, त्या घरांत निरोपाचें बोलणें कोणत्या अर्थांत करावयाचें, हा प्रश्न परीक्षेच्या गुणांहून मोठा आहे. गेलेल्या मुलाच्या कानांत वडिलांचें शेवटचें वाक्य कित्येक वर्षें वाजत राहतें. तें निकालाचें असावें कीं मनाचें, हें ठरविण्याची सवड निरोपाच्या आधींच असते.

शेवटीं एक अपवाद सांगतों. परीक्षार्थींस तो उपयोगी पडेल, इतरांसही पडावा. भय, खेद, आनंद, इच्छा, संशय या सर्वांमागून फ्रेंचांत मनोगतार्थ येतो. ‘अमुक व्हावें अशी इच्छा करतों’ या क्रियापदामागूनही येतो. पण ‘एस्पेरे’, म्हणजे आशा करणें, या क्रियापदामागून होकारार्थी वाक्यांत नियमानें स्वार्थच येतो. वैयाकरण त्याचें कारण असें देतात कीं, आशा करणारा मनुष्य ती गोष्ट घडली किंवा घडेल याच बाजूस झुकलेला असतो. ‘तूं सुखरूप पोंचलीस याचा आनंद झाला’ या वाक्यांत पोंचणें मनोगतार्थांत: ‘क त्यु स्वा आरिव्हे’. ‘तूं सुखरूप पोंचलीस अशी आशा आहे’ या वाक्यांत तेंच पोंचणें साध्या स्वार्थांत: ‘क त्यु ए आरिव्हे’. बातमी आल्यावर मन पुढें होतें. बातमी यावयाची असतांना मात्र भाषा पोंचलेल्या माणसासारखी ठाम बोलते.

सूनबाईंची परीक्षा पुढील महिन्यांत आहे. वहीच्या नव्या पानावर त्यांनीं हीं दोन वाक्यें एकाखालीं एक लिहून ठेविलीं आहेत, आणि अक्कांनीं दुसऱ्या वाक्याचा उच्चार त्यांच्याकडून दोनदां म्हणवून घेतला आहे.